स्पेनला जायची वेळ

मुरबाडच्या एसटी स्टँडवरच्या भोंग्यातून आधी खाकरणं ऐकू यायचं आणि मग गाडीचं नाव. लोक नावाची वाट बघत नसत. खाकरलं की बाकड्यावरची माणसं उठायची, पिशव्या उचलायची, पोराला काखेत घ्यायची. मग सावकाश, शाळेतल्या धड्यासारखं शुद्ध मराठी यायचं, "शहापूरकडे जाणारी गाडी, किन्हवली मार्गे, फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." आणि माइक बंद करायचा राहिला तर पाठोपाठ, "अरे ए, त्या म्हातारीला चढू दे ना आधी. तुला काय लग्नाला जायचाय?"

हे काशिनाथदादा. स्टँडचे कंट्रोलर. माझं औषधाचं दुकान स्टँडच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. नव्वदच्या सुमारास मी दुकान टाकलं तेव्हापासून ते निवृत्त होईपर्यंत त्यांचा आवाज रोज माझ्या कानावर होता. सवय अशी लागली होती की रविवारी घरी शहापूरला जेवायला बसलो तरी दोनच्या ठोक्याला मी खाकरण्याची वाट बघायचो.

मुरबाडला रेल्वे नाही. त्यामुळे कुठंही निघायचं म्हणजे स्टँडवर यायचं, आणि स्टँडवर यायचं म्हणजे काशिनाथदादांना विचारायचं. "कल्याणला जायचाय, कंची गाडी धरू?" एवढंच विचारून माणसाची सुटका नसे. कल्याणला कशाला जायचंय, दवाखान्यात की कोर्टात, परत कधी यायचंय, बरोबर सामान किती, हे सगळं ते विचारून घ्यायचे. मग डोळे बारीक करून छताकडे बघायचे आणि निकाल द्यायचे. "ही सोड. ही आज भरून येल, बाजार हाय. पुढची धर." पोटुशी बाई असली तर म्हणायचे, "मागं बसू नको गो, पुढं बस, डायवरच्या पाठीमागं." मोठे डिपोतले साहेब आले तरी तोच प्रकार. साहेबांच्या जीपलासुद्धा ते निघायची वेळ सांगायचे.

त्यांचा एक नेम होता. स्टँडवरच्या बाकड्यावर ते कधी बसत नसत. कॅबिनमध्ये खुर्ची होती तिच्यावर बसत, नाहीतर दारात उभे. पाय दुखले तरी बाकड्यावर नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बाकड्यावर बसतो तो जाणारा. मी घालवणारा."

त्यांचे सल्ले बरोबर निघायचे का? निम्मे निघायचे. एका पावसाळ्यात आळेफाट्याला निघालेल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याला त्यांनी हाताला धरून खाली उतरवलं, घाटात धुकं असंल म्हणाले, आणि त्या दिवशी माळशेजमध्ये खरंच दरड आली. त्या एका दरडीवर दादांनी पुढली कितीतरी वर्षं काढली. पण टोकावड्याला निघालेल्या एका वऱ्हाडाची गोष्टही मी बघितलेली आहे. मुहूर्त साडेअकराचा. दादांनी सांगितलं, नऊची गाडी नको, जीपनं जा. निम्म्या वऱ्हाडाने ऐकलं, निम्म्याने ऐकलं नाही. ऐकणाऱ्यांत नेमका नवरदेव होता. जीपवाला माणसं भरायला थांबला तो थांबलाच. एसटीतलं वऱ्हाड मांडवात जाऊन सरबत प्यायलं आणि नवरदेवाचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी नवरदेवाचा मामा भांडायला स्टँडवर आला. दादांनी त्याला कॅबिनमध्ये बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "लग्न लागलं ना?"

"लागलं, पण..."

"मंग येळ बरोबरच होती."

मामा चहा पिऊन गेला. दादांची वेळ कधीच चुकत नसे. माणसं चुकत, गाड्या चुकत, पाऊस चुके.

घरीही हेच. अनसूयावहिनी, त्यांची बायको, माझ्या दुकानात साखरेच्या आजाराची औषधं घ्यायला यायच्या. बारीक चणीची बाई, बोलणं हळू पण त्यात मिरची असायची. म्हणायच्या, "यांना विचारल्याबिगर आमच्या घरात दूध पण उतू जात नाय." लोणचं कधी घालायचं, दाढी कधी करायची, पाहुणे आले तर कधी उठतील, सगळ्याचं दादांकडे वेळापत्रक होतं. वहिनी ते मानायच्या आणि हसायच्या. त्यांचं माहेर तानशाकडचं. तिथं विहिरीजवळ पपनसाचं झाड होतं, आणि ते फुललं की घरात उदबत्ती लावायची गरज नसे, असं त्या सांगायच्या. हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. इंजेक्शनच्या सुया मोजून पिशवीत घालेपर्यंत झाड एकदा तरी फुलायचंच.

त्यांना एकच मुलगी, माधुरी. तिचं लग्न वाशिंदच्या एका मुलाशी झालं. जावई तिथल्या कारखान्यात इंजिनीअर होता. मशिनं स्पेनची होती. ती शिकायला म्हणून कंपनीने त्याला तिकडं पाठवलं आणि मग तो तिथलाच झाला. दक्षिण टोकाला, समुद्राच्या कडेला, मालागा नावाच्या शहराजवळ. मुरबाडमध्ये त्या आधी स्पेन कुणाला माहीत नव्हता. मग झाला. ड्रायव्हर लोक दादांना विचारायचे, "काय साहेब, स्पेनची गाडी कंच्या फलाटावर?"

माझ्या दुकानात पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ होता. दर रविवारी मी सकाळचं दुकान उघडं ठेवायचो ते या फोनसाठी. माधुरी तिकडून करायची. काचेच्या खोपट्यात एकच माणूस मावायचं, म्हणून वहिनी आत आणि दादा दाराला टेकून बाहेर. बोलायच्या वहिनी, उत्तरं द्यायचे दादा, तीही भोंग्याशिवाय स्पेनला ऐकू जातील अशा आवाजात. पुढे त्यांच्या घरी फोन आला, पण पावसात तो मुका व्हायचा, आणि तोवर सवयही पडली होती. रविवारचा फोन दुकानातच राहिला.

माधुरी पहिल्यापासून एकच म्हणत होती. आईबाबा, या. एप्रिलात या. आणि एका रविवारी तिने आईला सांगितलं की आमच्या गल्लीत दोन्ही बाजूला संत्र्याची झाडं आहेत, एप्रिलात ती फुलतात आणि खिडकी उघडली की घरभर वास येतो. वहिनींनी फोन ठेवला, बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "पपनसासारखाच असंल ना रे वास? एकाच जातीचं ना?"

मी म्हटलं, असेल.

"मंग एप्रिलात जायचं," त्या दादांना म्हणाल्या. मी त्यांना नवऱ्याला काही सांगताना पहिल्यांदा ऐकलं. एरवी त्या विचारायच्या.

दादांनी डोळे बारीक केले आणि दुकानाच्या छताकडे बघितलं.

इथून पुढे काही वर्षं मुरबाडच्या स्टँडवर एक प्रश्न चर्चेला होता, की स्पेनला कधी जावं. हसू नका, खरंच होता. एप्रिल-मे दादांनी पहिल्याच फटक्यात काढून टाकला. लग्नसराई, जत्रा, जादा गाड्या. कंट्रोलरने स्टँड सोडायचं म्हणजे काय. डिपोचे साहेब रजा द्यायला तयार होते, त्यांनी दोनदा विचारलंही. दादांनीच अर्ज केला नाही. जूनपासून भाताची आवणी. सरळगावच्या पुढे त्यांचा भाताचा तुकडा होता, भाऊ करायचा, पण आवणीला घरच्या माणसाने गावात नसणं बरं दिसत नाही. श्रावणात वहिनींचे उपास. भादव्यात गणपती, आणि गणपती गेले की पितरपाट. माधुरी म्हणाली, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात या, तेव्हाही हवा छान असते. दादा ओरडले, "पितरपाटात कोण घराभाईर निघतं का गो?" पुढे नवरात्र, पुढे कापणी.

कॅन्टीनवाला, दोन ड्रायव्हर, पानवाला आणि दादा यांची एका संध्याकाळी बैठक झाली. त्यातला कोणी नाशिकच्या पलीकडे गेलेला नव्हता. सगळ्यांचं एकमत झालं. दिवाळीनंतर. कापणी झालेली, झोडणी आटोपलेली, आभाळ धुतल्यासारखं, रस्ते कोरडे, थंडी बेताची. आपल्याकडे कोणीही शहाणा माणूस प्रवासाला निघतो तो दिवाळीनंतर. लेकीकडे जायचं दिवाळीनंतर, देवाला जायचं दिवाळीनंतर, घर शाकारायचं तर ते तेवढं उन्हाळ्यात.

पुढच्या रविवारी दादांनी वहिनींच्या हातातून रिसीव्हर घेतला. "माधुरी, आमी दिवाळीनंतर येतो."

तिकडून ती काहीतरी बोलली. दादा मोठ्याने हसले. रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाले, "म्हणते, तवा इकडं पाऊस असतो. दिवाळीनंतर पाऊस! पोरगी तिकडं जाऊन येडी झाली."

"बाबा, खरंच असतो," ती म्हणत असणार. दादा म्हणाले, "अगो, पडंल एखादी सर. आमी काय मिठाचे हाव का?"

त्यांना वाटलं, जावयाची सुट्टी एप्रिलात असेल म्हणून ती फिरवून सांगते आहे. पाऊस उन्हाळा संपल्यावर येतो आणि चार महिन्यांनी जातो, हे त्यांच्या लेखी हवामान नव्हतं, ती जगाची रीत होती. थंडीत पाऊस पडणारा मुलूख त्यांना सांगूनही दिसत नव्हता. वहिनी बूथच्या दारात उभ्या होत्या.

तसे ते दोघं एका वर्षी दिवाळीनंतर गेले. मी वहिनींची औषधं महिनाभराची बांधून दिली. स्टँडवर सगळ्यांनी त्यांना कल्याणच्या गाडीत बसवलं. नारळ दिले, हार घातला. दादा गाडीत बसूनही खिडकीतून बदली कंट्रोलरला सूचना देत होते.

महिन्याने परत आले. दुसऱ्या दिवशी दादा ड्युटीवर. खाकरणं ऐकून मी दुकान सोडून गेलो. म्हटलं, "काय दादा, कसा होता स्पेन?"

त्यांनी आधी दोन गाड्या पुकारल्या. मग म्हणाले, "पाऊस."

"सगळा महिना?"

"मधी उघडायचा. उघडला का वारा."

बाकीचं वहिनींनी सांगितलं, दोघं औषधं घ्यायला दुकानात आले तेव्हा. समुद्राकाठची दुकानं बंद होती, खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. घराच्या फरशा एवढ्या गार की त्या जावयाचे दोन मोजे घालून फिरायच्या. दादा दिवसभर गॅलरीत शाल पांघरून उभे, समोरच्या बसथांब्याकडे बघत. तिथं पाटीवर आपोआप लिहून येतं की गाडी किती वेळात येणार, आणि ती तेवढ्या वेळात येते. पुकारायला माणूस नाही. हे त्यांना आवडलं नव्हतं. गल्लीतल्या झाडांना तेव्हा संत्री लागलेली होती, पिवळीधमक. वहिनींनी पावसात खाली पडलेलं एक उचललं आणि सोलून खाल्लं.

"कडू जहर," त्या म्हणाल्या. "शोभेची रे ती. माधुरी म्हणाली, आई, यांचं फूल बघायचं असतं." आणि मग जरा थांबून, "आता एप्रिलात जाऊ परत."

हे त्या दादांच्या देखत म्हणाल्या. मी दादांकडे बघितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, येळ बरोबर होती, पाऊस चुकला. ते म्हणाले, "रिटायर झालो का जाऊ. तवा काय लग्नसराई नि काय." आणि वहिनींच्या हातातली औषधांची पिशवी स्वतः घेतली. ही गोष्ट लहान आहे, पण मी त्यांना पिशवी घेताना आधी बघितलं नव्हतं.

निवृत्तीला अजून वेळ होता. मधले एप्रिल आले आणि गेले. दर एप्रिलात माधुरीचा फोन यायचा, झाडं फुलली म्हणून. वहिनी रिसीव्हर कानाला लावून नुसत्या ऐकायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "तिनं फोन खिडकीत धरला होता." मग स्वतःच हसल्या. त्यांची साखर तेव्हा वर-खाली होऊ लागली होती, पायाला सूज यायची. कल्याणच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं नाव काढलं होतं. औषधं माझ्याच दुकानातून जात, त्यामुळे काय चाललं आहे ते मला चिठ्ठीवरून कळायचं. दादांनाही कळत होतं. वहिनींना कल्याणला न्यायची गाडी ते आता छताकडे न बघता सांगायचे. जी सगळ्यात लवकर सुटेल ती.

मार्गशीर्षात ते निवृत्त झाले. सत्कारात बोलायला उभे राहिले, खाकरले, आणि मंडपातली माणसं सवयीने उठली. खूप हसलो आम्ही. त्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की माधुरीने एप्रिलची दोन तिकिटं काढली आहेत.

वहिनी पौषात गेल्या.

मी शटर अर्धं ओढून गेलो. रडू आलं नाही. दादाही रडले नाहीत. अंगणात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की सरळगावची माणसं कशाने येतील आणि वैकुंठाची गाडी किती वाजता निघेल. सगळं वेळेवर झालं. परत येऊन मी शटर वर केलं आणि एका बाईला खोकल्याचं औषध दिलं. मला आठवतंय, मी स्वतःला चाचपून बघितल्यासारखं केलं, काही दुखतंय का म्हणून. काही दुखत नव्हतं. ते तसं काही न दुखणं बरेच दिवस टिकलं.

तेरावं झाल्यावर दादा दुकानात आले. पिशवीत वहिनींच्या इन्सुलिनच्या न फोडलेल्या बाटल्या होत्या.

"घेतोस का परत? फ्रिजात जागा अडते."

उघड्यावर फिरून आलेलं औषध मला परत विकता येत नाही. मी घेतलं. दुकानाच्या फ्रिजमध्ये मागच्या कोपऱ्यात ठेवलं, आणि तारीख उलटून गेली तरी ते तिथंच होतं.

"एप्रिलचं काय करायचं दादा?" मी विचारलं.

"जायचं. तिनं टाइम ठरवलेला."

माधुरी आली होती ती महिना राहून परत गेली. दादा एप्रिलात एकटे निघाले. या वेळी हार-नारळ नव्हते. स्टँडवर आले, कॅबिनच्या दारात सवयीने उभे राहिले, नव्या कंट्रोलरने खुर्ची दिली तर नको म्हणाले. कल्याणची गाडी लागली. नवा पोरगा पुकारताना खाकरत नसे, त्यामुळे लोकांची धांदल उडायची. दादा चढले, खिडकीशी बसले. बाजूच्या जागेवर बॅग ठेवली. कंडक्टर ती उचलायला गेला आणि ड्रायव्हरने त्याला मागे ओढलं.

दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी मी शटर ओढत होतो तेवढ्यात बूथमधला फोन वाजला.

"शेठ, काशिनाथ बोलतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या खोपट्यात त्यांच्यासाठी उभा होतो. म्हटलं, "बोला दादा. कसं आहे?"

"बरा हाय. पाऊस नाय. ऊन बेताचं. दुकानं सगळी उघडी हायत, माणसं फिरतात." हा आवाज भोंग्यातला नव्हता, आणि घरचाही नव्हता. "येळ बरोबर हाय, शेठ. हीच येळ होती."

"फुलं आलीत?"

"आलीत. पांढरी. खाली सडा पडतो."

"आणि वास?"

तिकडे मागे कसलीतरी भांडी वाजली.

"माधुरी म्हणते, गल्लीभर येतो. जावई पण म्हणतो. मी खाली जाऊन उभा राह्यलो झाडाबुडी. फूल नाकाला लावलं." ते थांबले. "मला काय येत नाय रे."

"सर्दी झाली असेल दादा."

"सर्दी नाय. बरा. ठेवतो. तुझ्या जेवायची येळ झाली."

मला त्या वेळी खूप वाईट वाटलं. पौषात जे आलं नव्हतं ते तेव्हा आलं. मी बूथचं दार लावून आतच उभा राहिलो. गिऱ्हाईक नव्हतं, ते बरं झालं.

मेच्या शेवटी दादा परत आले. मला ते लगेच दिसले नाहीत. एका दुपारी गल्ल्यावर बसलो होतो आणि सहज समोर बघितलं, तर ते स्टँडवर होते. बाकड्यावर बसले होते. धोतरावर पांढरा सदरा, पायाशी काही सामान नाही. कुठं निघालेले दिसत नव्हते. मी भेटायला म्हणून रस्ता ओलांडला.

मी पोचायच्या आत एक म्हातारी त्यांच्यापाशी गेली. किन्हवलीकडची असावी, डोक्यावर पाटी. तिला स्टँडवर नवा कंट्रोलर आलाय हे माहीत नव्हतं, किंवा माहीत असून विचारावंसं वाटलं नव्हतं.

"दादा, किन्हवलीला जायचाय. कंची गाडी धरू?"

मी थांबलो. आता ते विचारणार, कशाला जायचंय, पाटीत काय आहे, परत कधी यायचंय. त्यांनी तिच्याकडे बघितलं. छताकडे बघितलं नाही.

"येल तिच्यात बस, बाय," ते म्हणाले. "पहिली येल तिच्यात."

म्हातारी गोंधळून अजून काही सांगतील म्हणून थांबली. थोडं सरकून त्यांनी तिला बाकड्यावर जागा करून दिली. तिने पाटी खाली ठेवली आणि ती बसली. दोघं रस्त्याकडे बघत होते. मी तसाच मागे फिरलो, कारण दुकानात कोणीतरी आलं होतं.